शाळा चालू आहे तोवर

मी, श्रीमती भिकुबाई मगन बोरसे, वय एकाहत्तर, धंदा शेती, राहणार उमरखेडी, तालुका शिरपूर, जिल्हा धुळे, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवते. माझ्यावर कोणाचा दाब नाही. ज्यांनी आजवर दाब टाकून पाहिला, त्यांचे नाव पुढे येईलच. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझे दीर ललित याबाबत वेगळे मत देतील, ते धरू नये.

कलम १. विहिरीजवळची माझी शेतजमीन मुलगी पुनम, राहणार पिंप्राळा, जळगाव, हिला मिळावी. जावई "विकून टाकू" म्हणतील. जावई स्वभावाने गरीब आहेत, पण त्यांना कापूस आणि कपाशी यातला फरक अजून कळलेला नाही. पुनमनेच ठरवावे.

कलम २. सोन्याच्या पाटल्या नात रूपा हिला. ती माझ्याकडे राहून गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली, म्हणून पालक या नात्याने मी शाळा व्यवस्थापन समितीवर आले आणि अध्यक्ष झाले. बाकी कोणी तयार नव्हते, हेही खरे.

कलम ३. माझ्या यजमानांची सायकल समितीचे उपाध्यक्ष चांदभाई शिंपी यांना द्यायची होती. वकील म्हणाले, साक्षीदाराला काही देता येत नाही. चांदभाई म्हणाले, "अक्का, सायकल राहू द्या, सही मीच करणार. उद्या ललितभाऊ कोर्टात गेले तर उभं कोण राहील?" सबब सायकल त्यांचा मुलगा हसीब याला द्यावी. चालवतील चांदभाईच.

कलम ४. हे कलम लांब आहे. वकिलांनी "याची गरज नाही" म्हटले होते. गरज आहे.

आमच्या शाळेचा पट कमी म्हणून ती बंद करून पोरांना हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत घालायचे, असा हुकूम आला. हायवे म्हणजे मुंबई-आग्रा रस्ता. तिथे म्हैससुद्धा थांबून विचार करते. गावच्या बैठकीत ललित उठून म्हणाला, "वहिनी, कसाले भांडस? बठ्ठा पोरेसले मी मन्ही गाडीमा नेसू." सगळी पोरे ज्या गाडीतून नेतो म्हणाला, ती ललितची गाडी एका खाजगी शाळेला लावलेली आहे, हे वाचणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

त्याच सुमारास आमच्या भागातल्या आमदारांनी एक विधेयक मांडले होते. ग्रामसभेने हो म्हटल्याशिवाय गावची सरकारी शाळा बंद करता येऊ नये, एवढीच त्यात मागणी. आमदार म्हणाले, "सरकारने नव्हे, आमदाराने आणलेल्या विधेयकाच्या दिवशी सभागृहात माणूस बसत नाही. तुम्ही नागपूरला येऊन सांगा, तर काही होईल." म्हणून मी आणि चांदभाई हिवाळी अधिवेशनाला गेलो. सोबत भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी होत्या. त्या डब्यावर आम्हाला बऱ्याच आमदारांशी बोलता आले. भरीत खाताना माणूस मध्येच उठून जात नाही.

शेवटी खात्याचे मंत्री विधान भवनाबाहेर भेटले. चांदभाईंनी मला शुद्ध मराठीत भाषण पाठ करून दिले होते. मंत्री म्हणाले, "आजी, रस्ता तर ओलांडायचाय. त्यात काय एवढं?" माझे भाषण तिथेच संपले.

मी म्हटले, "साहेब, हाऊ समोरना रस्ता वलांडी दाखाडा."

ते हसत निघाले. लगेच पोलिसाने शिट्टी मारली, दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या, साहेब पलीकडे गेले आणि हात हलवला. मी इकडून ओरडले, "असा पोलीस आमना पोरेसले रोज भेटी का?"

भोवतालचे सगळे हसले. साहेब हसले नाहीत. परत आले आणि म्हणाले, "विधेयकाचा निकाल लागेपर्यंत तुमची शाळा बंद होणार नाही." तसे पत्र खरोखर आले. पुढे चर्चेच्या दिवशी सभागृहात गोंधळ झाला आणि कामकाज उठले. विधेयक मंजूरही नाही, नामंजूरही नाही. ते लोंबकळते आहे, म्हणून शाळा उभी आहे. सकाळी माझ्या ओट्यावर पोरांची प्रार्थना ऐकू येते. सूर चुकतो, पण येते.

आता यंदा विधानसभेची मुदत संपते. आमदार सांगतात, मुदत संपली की विधेयक मरते, पुन्हा मांडावे लागते. पुन्हा कोणीतरी जायला पाहिजे. माझे गुडघे गेले. चांदभाईंना दुरून आमदार आणि शिपाई सारखेच दिसतात. तरुण आईबाप माइक पाहून मागे सरतात. साऱ्या गावात न लाजता, न थांबता, समोरचा उठेपर्यंत आणि उठल्यावरही बोलणारा एकच माणूस आहे.

कलम ५. सबब शाळेच्या भिंतीला लागून आणि ललितच्या बंगल्यासमोर असलेले माझे राहते घर, जागेसह, मी दीर ललित यांना देत आहे. ही जागा त्यांना गाडी लावायला फार वर्षांपासून हवी आहे.

हे वाचून पुनम घाबरली. "आई, काकांना? तुला बरं वाटतंय ना?" मी म्हटले, पुढे वाच.

अट अशी: शेजारची शाळा चालू आहे तोवरच घर ललितचे. शाळा बंद झाली, हलवली किंवा दुसऱ्या शाळेत मिळवली, तर त्याच दिवसापासून जागा ग्रामपंचायतीची होईल, आणि ग्रामपंचायतीने तिथे सार्वजनिक संडास बांधावेत. दारे ललितच्या गच्चीकडे ठेवावीत.

ही अट मी काल ललितला घरी बोलावून, चहा देऊन, दोनदा वाचून दाखवली. मग त्याने कागद हातात घेऊन संडासाची ओळ स्वतः तिसऱ्यांदा वाचली. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्याला काही वाचताना मी प्रथमच पाहिले. मग कप खाली ठेवून म्हणाला, "वहिनी, नागपूरनी गाडी कितला वाजता शे?"

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

सही: भिकुबाई मगन बोरसे

साक्षीदार:
१. चांद रहीम शिंपी, उमरखेडी (चष्मा लावून सही केली)
२. डॉ. मेघा किरण देवरे, शिरपूर (डोके तपासले, ठिकाणावर आहे)

स्थळ: शिरपूर
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२४