आईच्या पायावरचा खड्डा

चि. सारिका,
नगरहून ताईचा गोड पापा.

मी बरी आहे. मेसची भाजी पातळ असते, पण पोट भरतं. आईने दिलेला ठेचा मुलींनी दोन दिवसांत संपवला.

फोनवर आई शेजारीच असते, म्हणून श्रीगोंद्याला तुमच्याच टोळीत ऊसतोडीवर येणाऱ्या कल्याणमामांच्या हाती हे पत्र देते.

या आठवड्यात आम्हा नर्सिंगच्या मुलींना वॉर्डात पेशंट तपासायला शिकवलं. नडगीवर अंगठा दाबायचा, उचलायचा आणि खड्डा किती वेळाने भरतो ते बघायचं; जितका उशीर, तितकी सूज जास्त. सिस्टर म्हणाल्या, "पंकजा, तुझा हात आधीच बसलेला दिसतोय." सगळ्या हसल्या.

आठवतं, दिवाळीत आईचे पाय चेपताना आपण मळलेल्या कणकेसारखे खड्डे पाडायचो? कुणाचा जास्त टिकतो, अशी पैज लावायचो. आई म्हणायची, "दाबा बायांनो, लई बरं वाटतंय."

मी जिच्यावर शिकले, त्या बाईचे पाय अगदी तसेच होते. तिच्या दोन्ही किडन्या गेल्यात. फार उशिरा आणली, असं डॉक्टर म्हणाले. काल तिला घरी नेलं.

दवाखान्यात चल म्हणालीस, तर आई "कारखाना बंद झाल्यावर बघू" म्हणेल. माझंही ती ऐकणार नाही. तरी विचारून बघ. तिचं तोंड सकाळी सुजतं का गं?

पत्रात काय आहे असं तिने विचारलं, तर भाजीचं आणि ठेच्याचं वाचून दाखव.

आज पाय चेपताना एकदा दाब आणि मनात आकडे मोज. दिवाळीत माझा खड्डा वीसपर्यंत टिकला होता. मी जिंकले म्हणून नाचले होते.

तुझीच,
ताई