बाटलीवर तुझं नाव

तीर्थरूप आईस,
मान खाली घालून नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे?

आई, मी सरबताच्या कारखान्यात नाही. इथे बिअर बनते. तीन वर्षं तुझ्याशी खोटं बोललो.

बिअरला कडवटपणा आणि वास देणारी हॉप्स नावाची फुलं असतात. गेल्या महिन्यात नव्या जातीची पोती आली. त्यातलं एक खवट आहे, हे मी नुसतं हुंगून सांगितलं. मालक खूश होऊन म्हणाले, "हे नाक कुठून आणलंस?" मी बोलून गेलो, "आईचं आहे." मामा पिऊन आला की तू दारातूनच ओळखायचीस ना!

त्यांनी तुझं नाव विचारलं. मला वाटलं, सहज विचारतात. आता नव्या बिअरच्या बाटल्यांवर तेच छापलंय.

पहिली बाटली त्यांनी कौतुकाने मला दिली. खोलीवर येऊन मी ती मोरीत ओतली, तू मामाच्या ओतायचीस तशी. तुझ्या नावाचा कागद तेवढा सोलून ठेवलाय, फेकवला नाही.

दादाला एवढ्यात सांगू नकोस.

आणि आई, ओतताना आलेला तो वास तुलाही आवडला असता गं. हे लिहितानाच जास्त लाज वाटते.

तोंड दाखवायला जागा न उरलेला,
तुझा धाकटा