पाहुणीचे हात आधी

३ फेब्रुवारी
बोटीतून उतरले तर सरोवराकाठी अख्खं घर मला न्यायला हजर! आरोग्य केंद्रात नमुने तपासायची नोकरी, मुक्काम नाचिसाल्यांकडे. म्हातारे बाबा, त्यांच्या बायको मायी, आणि बाळंतपणाला माहेरी आलेली लेक लुसुंगू. तिला सातवा महिना आहे. जेवायला गरम न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सरोवरातला चांबो मासा. हात धुवायचं तस्त आधी माझ्यापुढे आलं, मग त्याच पाण्यात बाबा, मायी, शेवटी लुसुंगू. पाहुणीच्या आधी हात बुडवला तर घराची अब्रू जाते म्हणे. आई आणि ताई गेल्यापासून माझा एवढा लाड कुणी केला नव्हता.

५ फेब्रुवारी
नवीन माणसाची तपासणी करायचा नियम आहे. माझ्याच नमुन्यात अमीबा निघाला आणि माझं तोंड उतरलं. आमचे वरिष्ठ कालुआ खो खो हसले. म्हणाले, अगं, निम्म्या गावाच्या पोटात हा आहे. कुणाकडे भाडेकरू, कुणाकडे दरोडेखोर. भिंगाखाली दोघांचा चेहरा एकच! तू ठणठणीत आहेस ना? मग तुझा भाडेकरूच समज, गोळ्या कशाला वाया घालवायच्या? तरी अमीबाचा वाण कुठला, भाडेकरू की दरोडेखोर, ते ओळखायला त्यांनी नमुना शहरात पाठवला. खरंच, मी कधी आजारी पडत नाही. लोखंडी पोटाची म्हणून ताई चिडवायची.

२६ फेब्रुवारी
बाबांना रक्ताची हगवण लागली आहे. आठवडाभर लपवली, लेकीसमोर लाज वाटली म्हणे. विहिरीचं पाणी तपासलं, त्यात काही नाही. बाबांच्या नमुन्यातले अमीबा मात्र रक्तपेशी गिळून टम्म फुगलेले, सरपटणारे. असे मी कधीच पाहिले नव्हते. तो नमुनाही शहरात पाठवला. केंद्रात गोळ्या दोनच दिवसांच्या उरल्यात, ट्रक तुटलेल्या पुलापलीकडे अडकलाय.

४ मार्च
बाबा गेले. मातीहून परतल्यावर तस्त आधी माझ्यापुढेच आलं. मायी रडत म्हणाल्या, तू आलीस म्हणून हे चार दिवस तरी हसून जेवले. मलाही रडू आवरेना.

१३ मार्च
आता मायी अंथरुणावर. तेच रक्त. गोळ्या नाहीत.
आधी बाबा, मग मायी. हात धुतात त्याच क्रमाने— छे. डोकं फिरलंय माझं.

१६ मार्च, दुपार
शहरातून फोन आला. बाबांचा आणि माझा वाण एकच. दरोडेखोरच. माझ्याच पोटात तेवढा गप्प का, ते त्यांनाही सांगता येत नाही.
आई. ताई. दोघी पोटाच्याच दुखण्याने गेल्या. दोघी माझ्या हातचं जेवत.

दार लावून बसलेय. लुसुंगू बाहेरून हाका मारतेय, न्सिमा निवतोय. भूक नाही म्हटलं. पाहुणी उपाशी तर घर उपाशी, असं म्हणून ती दाराशीच बसली. आठव्या महिन्यातली बाई, मायींचं करता करता सकाळपासून पोटात अन्न नाही. तिला कसं सांगू? तुझ्या बापाला मी—

हसतेय ती. म्हणते, रुसू नकोस गं, तू सकाळी हात धुतलेलं पाणी तस्तात तसंच आहे. तुझा मान झालाच की. विहीर लांब, माझ्याने आता चालवत नाही, मी त्यातच धुते—

पाण्याचा आवाज—

लुसुंगू, नको, हात बाहेर का