उचगाव फाट्यावरची पाटी

३ नोव्हेंबर, सोमवार

‘हुपरीच्या बायांनो, दिवसभर एका बैठकीत पैंजणाला घुंगरं जोडता, सारखं उठावं लागू नये म्हणून पाणी पीत नाही, आणि चार-चार दिवस पोट साफ झालं नाही तरी घरात सांगायला लाजता!’ — सोळा तारखेच्या मेळाव्यातलं भाषण असंच सुरू करणार. लाज! ह्या शब्दावर माझा दात आहे.

सकाळी आणखी एका जिमची रिबन कापली. फेटा, नारळ, फोटो. जिम, दुकानं, दवाखाने — महिन्यात चार-पाच होतात, कुठली कुणाची लक्षातही राहत नाही. भिडेपोटी नाही म्हणवत नाही.

४ नोव्हेंबर

हुपरीला आक्काकडे गेले. दिवाळीलाही भाषणांच्या दौऱ्यावर होते, त्यामुळे थोरल्या बहिणीला चार महिन्यांनी बघितलं. गालाची हाडं वर आलीत. तिची सून निशा मला परसात घेऊन गेली — आक्काला शौचातून रक्त जातंय. दोन वर्षं! औषध काय, तर उचगाव फाट्यावरच्या गुंडू वैद्याच्या पुड्या. ‘मूळव्याध मुळासकट, गॅरंटी.’ तपासणी एकही नाही. नुसती नाडी धरतो म्हणे!

“तुला तिकडं पाठवलं कुणी?” मी तावातावानं विचारलं.

आक्काची मान वर झाली नाही. “आता इचारून काय करतीस? च्या घे.”

माझ्या घरात चार कपाटं पुस्तकं, आणि हे मला माहीत नाही.

५ नोव्हेंबर

आक्काला कोल्हापुरात पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या शांतपणे बोलल्या, मी नाही. भाषणासाठी लिहून ठेवते: बद्धकोष्ठाला भरपूर पाणी, पालेभाजी, भाकरी, चालणं — पुष्कळांना एवढं पुरतं. साधी मूळव्याधही बहुधा आटोक्यात येते. पण रक्त मूळव्याधीचंच आहे, हे तपासल्याशिवाय कुणी ठरवायचं नाही. त्यात वजन उतरलं, अंगातलं रक्त कमी झालं, शौचाची सवय बदलली, तर थांबायचंच नाही.

आक्काला तिन्ही आहेत. परवा दुर्बिणीनं तपासणी.

७ नोव्हेंबर

मोठ्या आतड्यात गाठ. तुकडा तपासायला पाठवलाय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कॅन्सर.

ऑपरेशन करता येईल, पुढचं मग कळेल. “दोन वर्षांपूर्वी आल्या असत्या तर...” डॉक्टरीणबाईंनी वाक्य सोडून दिलं. मी सोडणार नाही! ज्यानं माझ्या बहिणीला त्या दारात पाठवलं, त्याचं नाव सोळा तारखेला स्टेजवरून घेणार. दवाखान्याच्या जिन्यातच ओरडत होते. आक्कानं हात धरला — “हळू बोल गं. माजं पोट हाय, तुजी सभा न्हाय.”

१३ नोव्हेंबर

गुंडूला जाब विचारायला उचगावला गेले. दुकान बंद होतं. वर भलीमोठी पाटी.

पाटीवर मी. डोक्याला फेटा, हातात कात्री, हसतेय. खाली माझंच वाक्य, दोन वर्षांपूर्वी ह्याच दुकानाच्या उद्घाटनातलं — ‘बायांनो, लाज सोडा, इथं या.’

तशीच हुपरीला गेले. आक्का म्हणाली, “तुजा फोटू हाय म्हटल्यावर मी दुसरीकडं कशाला जाईन? तुला लागंल म्हणून गप बसले.”

१४ नोव्हेंबर

भाषण फाडलं. नवं एवढंच —

बायांनो, उचगाव फाट्यावरच्या पाटीवरची बाई मीच. शिडी आणलीय. आत्ता उठा, माझ्याबरोबर चला आणि ती पाटी उतरवा.