नूपुरच्या अभ्यासाला शांतता

५ मार्च, सकाळ
तर मी काय वाईट बोलले? शेजारच्या रमाबाईंना एवढंच म्हटलं, मसाला कुटायचा तर गच्चीवर जा, आमची नूपुर टीवायबीकॉमला आहे. तर म्हणे, माझं कुटून कधीच झालं, तुमचं भांडण चाललंय अजून. नूपुर आतून काहीतरी म्हणाली. ऐकू आलं नाही, एवढा आवाज.

मागच्या वर्षी कॉस्टिंगच्या विषयात नापास झाली, केटी लागली. एका ऑफिसात नोकरी ठरलीय, पण ही केटी सुटली तरच. म्हणून ह्या वेळी अभ्यास मी जातीने बघणार. मी चौथी शिकले. शिस्त कळायला तेवढं पुरतं.

६ मार्च
मोबाईल काढून घेतला. पिठाच्या डब्यात ठेवला.

७ मार्च
नोट्स मोबाईलमध्येच असतात म्हणे. दिला परत. आत पीठ गेलंय, गाणी वाजत नाहीत. बरंच झालं.

११ मार्च
मनातल्या मनात वाचणं मला मान्य नाही. वाचतेय की झोपतेय, कळायचं कसं? मोठ्याने वाच म्हटलं आणि समोर बसले. डोळा कधी लागला कोण जाणे. जागी झाले तर ही गप्प. म्हणते, तू घोरत होतीस. थापा.

१७ मार्च
दारात खुर्ची टाकून बसले. येईल जाईल त्याला सांगितलं, हळू चाला, परीक्षा आहे. रामदास भाऊजींना कमी ऐकू येतं, त्यांना ओरडून सांगावं लागलं. मधेमधे नूपुरला चहा, बदाम, सरबत. दर वेळी फक्त विचारलं, कुठवर आलं? वैतागते. अभ्यासाचा ताण.

२३ मार्च
नूपुर आता वरळी कोळीवाड्यात अपूर्वाकडे बसते, तिच्या वर्गातली मैत्रीण. न सांगता जाऊन बघून आले. एवढीशी गल्ली, खाली मासळीचा बाजार, कोणी बोटीचं इंजिन ठोकतंय, घरात रेडिओ. ह्यात अभ्यास? नूपुर खिडकीशी गणितं सोडवत होती. मी आलेली तिला कळलंसुद्धा नाही.

अपूर्वाच्या आईला विचारलं, तुम्ही बघत नाही का कुठवर आलं? म्हणाली, "मला काय कळतं त्यातलं, ताई? भूक लागली की येतात दोघी."

निष्काळजी बाई. कोलंबीचे सुके सोडे दिले तिने, घेतले.

जाऊ दे म्हटलं तिला तिथे. माझी शिस्त अंगात भिनलीच आहे, आता कुठेही बसली तरी चालेल.

१८ एप्रिल
कॉस्टिंगचा पेपर. सोपा गेला म्हणाली. दारातली खुर्ची कामाला आली.

२० जून
केटी सुटली. मार्कही चांगले. नोकरीचं पक्कं. रमाबाईंना पेढे दिले आणि शांतता म्हणजे काय ते समजावलं. त्या हो हो म्हणत दार लावून घेत होत्या.

२ ऑगस्ट
चाळीच्या मंडळाचा गुणगौरव. हिंदमाताच्या कापडबाजारातून नवी साडी आणली, पहिल्या रांगेत बसले. सेक्रेटरी हेरंब म्हणाला, नूपुर, पोरांना सांग अभ्यास कसा करायचा. मी पदर सारखा केला.

तिने माईक घेतला. रोज ठरल्या वेळी बसा म्हणाली. जुने पेपर घड्याळ लावून सोडवा म्हणाली. मग म्हणाली, "आणि घरी फार आवाज असेल तर दुसरीकडे जा. मी गेले, म्हणून पास झाले."

सगळे हसले. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी रमाबाईंकडे बघितलं. त्या साडीच्या निऱ्या बघत होत्या.

घरी येऊन ह्यांना विचारलं, ह्यांनी टीव्ही मोठा केला. नूपुरला विचारलं, आवाज नेमका कोणाचा गं? "जाऊ दे ना आई," म्हणाली आणि माझ्या पाया पडली. पाया पडण्यासारखं मी काय विचारलं?

जाऊ दे काय. पोरीला घर सोडून कोळीवाडा गाठावा लागला, तो आवाज करणारा माणूस मला कळलाच पाहिजे. तिला सांगून ठेवलंय, येत्या रविवारपर्यंत नाव हवं. कोणाचंही असो, मी बघून घेते त्याला.