शनवार तेली, बेने इस्राएल

३ फेब्रुवारी
रूथीचा फोन, इस्रायलहून. लग्नाची नोंद अडली. चार वर्षं तिकडे नर्सचं काम करते, पण कामाच्या परवान्यावर. यहुदी असल्याचे कागद लग्नाच्या कचेरीने आता पहिल्यांदाच तपासले. होणाऱ्या नवऱ्याचे लगेच झाले, हिचे बाजूला ठेवले. माझ्या लग्नाच्या करारावर, आजीच्या कबरीवर, सगळीकडे ‘बेने इस्राएल’. ‘यहुदी’ कुठेच नाही. का नाही, ते आईने लिहून द्यावं, सोबत एखादा जुना सरकारी कागद जोडावा. पंधरा दिवसांत.
मी मेली काय लिहिणार? जेवण गेलं नाही.

५ फेब्रु.
ठाण्याच्या मोजेसकाकांना विचारलं. म्हणाले, जुन्या राजवटीत ‘यहुदी’ म्हटलं की डोळ्यांवर यायचं, म्हणून पूर्वजांनी तो शब्दच टाकला. बाबा उलट सांगायचे. आपली माणसं गलबत फुटून नावगावच्या किनाऱ्याला लागली, तेव्हा यहुदी हे सगळ्यांचं नाव झालंच नव्हतं. आधी ते एका वंशाचं, मग त्याच्या मुलखाचं, मग कधीतरी सगळ्यांचं. आपण त्याच्या आधी निघालेले. इस्राएलची मुलं, बस्स.
काकांचं लिहिलं तर म्हणतील, नाव लपवलंत, आणखी काय लपवलंत? बाबांचं लिहिलं तर पुरावा मागतील.

६ फेब्रु.
कॉलेजात इतिहास शिकवायचे त्या सरांकडे गेले. चहा पाजला आणि सांगितलं, दोन्ही अंदाजच हो बाई, कागद कशालाच नाही. इब्री, यहुदी, इस्राएल, तिन्ही नावांवरून विद्वानांचं भांडण अजून चालूच आहे म्हणे. चालू दे. माझी पोर का खोळंबली त्यात?

९ फेब्रु.
मूळ गावी जाऊन आले, जयगडच्या रस्त्याला. शाळेत हेडमास्तरांनी जुनं रजिस्टर काढलं. आजोबांचं नाव दिसलं आणि डोळे भरले. पुढच्या रकान्यात, जात: शनवार तेली. धर्माचा रकानाच नाही. उतारा घेतला, घडी करून पर्सच्या तळाशी ठेवला. एसटीत कोण बघणार होतं? तरी लाज वाटली. शाळेत मुली ‘तेलीण आली’ म्हणून खिदळायच्या, ते अजून गेलेलं नाही डोक्यातून.

१० फेब्रु.
रूथी उतारा नकोच म्हणाली. तिच्या होणाऱ्या सासूला आधीच संशय, की आम्ही इथल्याच कुठल्या जातीतले, मागाहून धर्म घेतलेले. “आई, ते तेली तिथे कुणी वाचलं तर संपलं.”
तिचं बरोबर आहे. राग नाही आला. आला, थोडा.

१२ फेब्रु.
सिव्हिलमध्ये गावच्या खतिजाचाची भेटल्या, डोळे दाखवायला आलेल्या. त्यांचं घर आमच्या तेलघाण्यासमोर. सगळं ओकले त्यांच्यापुढे. त्या हसल्याच.
“अगो, तुझ्या आज्यानं शनवारी कधी घाणा जुंपला नाय. तेल शुक्रवारीच न्यायचं, नायतर रविवारपर्यंत कोरडं खायचं. नाव आमीच लोकांनी ठेवलं ना तुमाला.”
घरी येईपर्यंत तेच डोक्यात. हे नाव आम्ही घेतलेलंच नाही. शनिवार पाळताना बघून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दिलं. आणि मी जन्मभर ते लपवत बसले.

१३ फेब्रु.
लिहिलं. आमचं नाव असं का, मला माहीत नाही. दोन गोष्टी ऐकल्या आहेत, त्या दोन्ही लिहिल्या. मग शनिवारी बंद राहणारा घाणा. उतारा जोडला. झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून थेट कचेरीला मेल. रूथीला विचारलं नाही.
मेल गेल्यावर झेरॉक्सवाल्याकडेच थांबले. परत घेता येईल का, विचारलं. नाही म्हणाला.

१९ फेब्रु.
सहा दिवस फोन नाही. मी केला तर उचलत नाही. एलियाहू नबीला मलिद्याचा नवस बोलले आहे. पोरीचा विश्वास घालवला की काय मी. बी.पी. वाढलंय.

२३ फेब्रु.
आला फोन. कचेरीत हिला बोलावलं होतं, सासूसकट. मराठी कुणालाच येईना, तेव्हा माझं पत्र आणि उतारा हिच्याच हातात दिले. वाच आणि अर्थ सांग.
मी लगेच विचारलं, ते गाळलंस का गं?
“नाही. वाचलं. शनवार तेली. दोनदा वाचायला लावलं त्यांनी.”
नंतर जिन्यात सासूने विचारलं, घाणा म्हणजे काय.
आणि कचेरी? बघतो म्हणाले. कागद वरच्या साहेबांकडे गेलेत. बघतो म्हणजे हो की नाही, ते रूथीलाही कळलं नाही. ओरडेल वाटलं होतं, ओरडली नाही. लग्नाचा हॉल ठेवू की सोडू, एवढंच विचारलं.
मी म्हटलं, ठेव.