न दुखणारी जखम

प्रिय आक्का,

आज भाऊजी वॉकर धरून दारापुढच्या खळ्यापर्यंत गेले आणि आपले आपण माघारी आले. तू जाऊन दीड वर्ष झालं, तरी घरातली बातमी आधी तुला सांगायची माझी सवय काही मोडत नाही. म्हणून लिहायला बसले.

चार महिन्यांपूर्वी ते जेटीवर घसरले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. राजूनं मुंबईहून येऊन पंधरा दिवस आईसारखं केलं बापाचं, पण नोकरी कुठवर सोडणार तो? मग मीच तुझ्या घरी राहायला आले.

आल्या दिवसापासून मला एकच धास्ती होती, त्यांच्या पायांची. त्यांनाही तुझ्यासारखीच साखर ना!

तुझ्या पायाचं मी पहिल्यांदा पाहिलं ते लादीवर. मासळी विकून बाजारातून येऊन तू मोरीकडे गेलीस, मागे ओलं दिसलं म्हणून पुसायला घेतलं तर फडक्याला रक्त. शिंगाळा माशाचा काटा तळव्यात घुसला होता आणि तुला पत्ता नव्हता!

"दुखत नाय गो," म्हणालीस. "दुखलं असतं तर दिवसभर टोपली घेऊन बसले असते काय?"

मला ते पटलं. हळद मीच भरली, चिंधी मीच बांधली. वास यायला लागला तेव्हाही आपण दोघी तो मासळीचाच समजलो. डॉक्टर म्हणाले, "दुखत नव्हतं म्हणून थांबलात? अहो, साखरेनं पायाची जाणीवच गेली होती. तेच तर धोक्याचं." पाय काढला, पण विष रक्तात गेलं होतं. चौथ्या दिवशी तू गेलीस.

तुझ्यावर थोडा रागही आहे, आक्का. काटा लागायच्या आधी दोन आठवडे पाय बधिर वाटतोय हे तू शेजारणीला सांगितलंस आणि मला नाही. का गं?

असो. भाऊजींचं सांगते.

रोज सकाळी मी त्यांचं पांघरूण बाजूला करून दोन्ही पाय बघायची. बोटांच्या बेचक्या, तळवे, टाचा. उन्हानं रापलेली त्यांची कातडी, लाली कुठली दिसायला? एक दिवस डाव्या टाचेवर रुपयाएवढा जांभळट डाग दिसला. हाताची मागची बाजू लावली, तर तेवढीच जागा गरम. दाबलं तर पिकल्या फळासारखी मऊ.

"काय झालंय काय?" भाऊजी म्हणाले. "मला तर काय जाणवत नाय. खोबरेल लावून चोळ जरा."

त्यांचं ते 'जाणवत नाय' ऐकलं आणि मी पायांत चपला सरकवल्या. तशीच आरोग्य केंद्रात गेले आणि नर्सबाईंना घेऊन आले. बाईंनी डाग पाहिला. "एका जागी टाच टेकून टेकून आतलं मांस दबलंय. कातडी फाटलेली नाही, वेळेत बोलावलंत. चोळायचं मुळीच नाही. पोटरीखाली उशी द्या, टाच गादीला लागता कामा नये. आणि दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर माकडहाडावरही असंच होईल." दुसऱ्या दिवशी डॉक्टर येऊन बघून गेले, साखरेची गोळी बदलली.

भाऊजींनी खूप कटकट केली. "टाच अधांतरी ठेवून माणूस झोपतो काय गो?" मी घड्याळ लावून कूस बदलत राहिले. डाग आधी काळा पडला, मग सुकला, मग खपली होऊन निघून गेला. खाली गुलाबी कातडी! आज त्याच टाचेवर भार देऊन ते चालले.

आता एक गोष्ट, जी अजून कोणाला सांगितलेली नाही. गेल्या आठवड्यात मलाही साखर निघाली.

मला वाकून स्वतःचा तळवा दिसत नाही, गुडघे वळत नाहीत. घरात आम्ही दोघंच. मेहुणीचा पाय हातात घ्यायला भाऊजी ओशाळतील, आणि मी तर मेल्याहून मेली होईन. पण आक्का, तुला शब्द देते. उद्या चहा झाला की मी त्यांच्यासमोर बसेन, पाय पुढे करेन आणि म्हणेन, "भाऊजी, चष्मा लावा आणि नीट बघा."

तुझी धाकटी,
सुमन